गरम झाली की सुरू होत नाही

किल्ली काचेच्या वाटीत पडली. खण्ण.

घर इतकं शांत होतं की तेवढ्यानेही मी दचकले. लेक जमिनीवर पालथी पडून, जीभ बाहेर काढून हत्ती रंगवत होती आणि मी तिच्या धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत होते. एका मोज्याचा जोडीदार नेहमीप्रमाणे बेपत्ता.

चपलांच्या कपाटावरची ती वाटी म्हणजे आमच्या घरचं खरं घड्याळ. तिच्यात किल्ली पडली की नवरा आला. ती कशी पडली यावरून त्याचा दिवस कसा गेला तेही मला कळतं. बरा गेला असेल तर तो दारातूनच नेम धरून फेकतो. वाईट गेला असेल तर आदळतो. त्या संध्याकाळी त्याने ती हळूच ठेवली होती, दोन बोटांनी, वाजू नये अशी. आणि तरी ती वाजली.

"बाबाऽऽ!"

संपली शांतता. आमच्या लेकीचं नाव भोंगू. म्हणजे खरं नाव वेगळं आहे, पण जन्मल्या जन्मल्या ती अशी काही रडली की हा म्हणाला, "कारखान्याचा भोंगाच आला की घरी!" तेच नाव चिकटलं. आता पाच वर्षांची झाली तरी भोंगा काही बसला नाही. बाबाचे बूट निघायच्या आत ती त्याच्या पायावर चढून बसते आणि शाळेत कोणी कोणाला ढकललं ते एका श्वासात सांगते. तिच्या डोक्यावरून मी सुरू होते: मोरीचा नळ पुन्हा गळतोय, शाळेतल्या बाईंचा फोन आला होता, दूध संपलंय, तू येताना आणणार होतास.

"अगं हो हो, बूट तरी काढू द्या दोघी," तो म्हणाला.

"इतका उशीर?"

"म्हातारी रुसली परत. गरम झाली की सुरूच होत नाही. थंड होईपर्यंत बसलो."

"कुठे?"

"वाटेत."

"वाटेत म्हणजे कुठे?"

"वाटेत म्हणजे वाटेत. आता काय नकाशा काढून देऊ?" तो हसला. पण ते हसू जरा आधीच तयार करून आणल्यासारखं वाटलं मला.

"फोन करायचास."

"म्हणजे तू काय धक्का मारायला येणार होतीस?"

मी त्याच्या हातांकडे पाहिलं. स्वच्छ. नखांत काळं नाही, बाहीवर डाग नाही, कपाळावर घाम नाही. गाडी अडली आणि बॉनेट उघडलं नाही असा पुरुष मी अजून पाहिलेला नाही. कळो न कळो, पुरुष बॉनेट उघडतो, कमरेवर हात ठेवून आत बघतो आणि "हं" म्हणतो.

"बॉनेट उघडलंस?"

"उघडून काय करू? मला त्यातलं काय कळतंय?"

माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या एकट्या राहिलेल्या मोज्याचा जोडीदार मी उगाचच पुन्हा शोधायला लागले.

म्हातारी म्हणजे आमची गाडी. सासऱ्यांची. ते असताना तिला रोज पुसायचे, तिच्याशी बोलायचे. ते गेले आणि ती आमच्याकडे आली. रंग दुधाच्या साईसारखा होता म्हणतात. आता साय जुनी झाली आहे. सकाळी मी भोंगूला तिच्यातून शाळेत सोडून येते, मग हा ती ऑफिसला घेऊन जातो. शाळा कोपऱ्यावर. म्हणजे माझ्या हातात ती गरम व्हायच्या आतच प्रवास संपतो. गरम म्हातारी ठाऊक होती ती फक्त त्याला.

तरी सुरुवातीला माझा विश्वास होता. मीच गाडी चुटकीमामांकडे नेली. मामांचं गॅरेज आमच्या गल्लीच्या टोकाला, पत्र्याच्या छपराखाली. प्रत्येक कामाला ते "चुटकीसरशी" म्हणतात आणि चुटकी वाजवतात. मग काम तीन दिवस चालतं, ती गोष्ट वेगळी.

मामांनी किल्ली फिरवली. म्हातारी एका दमात सुरू झाली, नव्या नवरीसारखी लाजत, मऊ आवाजात.

"काय वहिनी, कशाला बदनाम करता हिला?"

"गरम झाल्यावर होत नाही म्हणतात हे."

"हे म्हणतात. तुम्ही पाहिलंय?"

पाहिलं नव्हतंच.

मामांनी तरीही प्लग बदलले, बॅटरीची तोंडं घासली, कसला कसला पांढरा भुगा पुसून काढला. पुढच्या आठवड्यात नवरा पुन्हा उशिरा आला. मी पुन्हा गेले. मामांनी स्टार्टर काढला, साफ केला, बसवला. नवरा पुन्हा उशिरा. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं सगळं चाललं होतं. तिसऱ्या खेपेला मामांनी हात पुसत माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत कीव होती, निदान मला तरी ती दिसली.

"वहिनी, गाडी ठणठणीत आहे. गाडीला खोटं बोलता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. दुखत असताना पेशंट आणा, एवढंच म्हणतो. माझ्याकडे आली की ही खडखडीत बरी असते."

घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या कानात वाजत राहिलं. गाडीला खोटं बोलता येत नाही. मग कोणाला येतं?

मी ताईला फोन लावला. ही चूक होती हे मला नंबर लावतानाच कळत होतं. माझी ताई माझ्याहून बरीच मोठी, आणि तिच्या मते जगातले सगळे नवरे एकाच कारखान्यात बनतात.

"गरम झाल्यावर सुरू होत नाही?" ताई म्हणाली. "माझ्याकडे पण एक आहे तसला. आत्ता पेपर वाचतोय."

"ताई, चेष्टा नको."

"बरं, नको. किती वेळा झालं?"

"होतं आठवड्यातून एकदा-दोनदा."

"आणि तुझ्या हातात एकदाही नाही."

"नाही."

"मेकॅनिकच्या हातात?"

"नाही."

"मग कुठेतरी पाणी मुरतंय गं." ताईने पलीकडे कप ठेवल्याचा आवाज आला. आता ती सावरून बसली असणार. "हे बघ, अर्धा-पाऊण तास उशीर म्हणजे काही जग बुडत नाही. पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो."

"म्हातारी म्हणजे आमची गाडी नाही ना?"

"गाडीच गं! नाहीतर कोण! तू असं कर, स्वतः तापवून बघ तिला. आणि तोवर त्याला काही बोलू नकोस. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

मी बोलले नाही. मी बघायला लागले. संशय एकदा घरात शिरला की तो पाहुण्यासारखा बाहेरच्या खोलीत बसत नाही, थेट स्वयंपाकघरात येतो, डबे उघडून बघतो. मी त्याच्या शर्टाचा वास घेतला. घाम, ऑफिसातल्या थंड हवेचा तो शिळा वास, आणखी काही नाही. मग एका सकाळी, भोंगूला मागच्या सीटवर बांधून मी पुढे बसले आणि मागे कलंडलेच. ड्रायव्हरची सीट नेहमीपेक्षा बरीच मागे कललेली होती, कोणीतरी झोपवून मग अर्धवटच सरळ केल्यासारखी. मी ती सरळ केली. दोन दिवसांनी पुन्हा कललेली. गाडी चालवायला कोणी सीट मागे झोपवत नाही.

आणखी एक गोष्ट. समोरच्या काचेखाली, वायपरच्या खोबणीत बारीक पिवळी फुलं अडकलेली असायची. नखाएवढी, वाळून कागदासारखी झालेली. आमच्या इमारतीजवळ झाड म्हणायला एक वाकडा अशोक. त्याच्या ऑफिसात गाड्या तळघरात लागतात, तिथे झाड कुठून येणार?

मी एक फूल उचलून भोंगूच्या कंपासपेटीत ठेवलं. तिला ते आवडलं. "हे माझं?" तिने विचारलं. "हो, तुझं," मी म्हटलं. पुरावा ठेवायला जागा पाहिजेच ना.

रविवारी नवरा आंघोळीला गेला, तेव्हा मी भोंगूला घेऊन निघाले. भाजी आणायला, असं दारातून ओरडून सांगितलं. खरं तर मी शहराबाहेर जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागले आणि म्हातारीला पळवलं. ऊन कडक होतं. काच खाली केली तरी वारा चुलीपुढे बसल्यासारखा. भोंगू मागे गात होती, एकच ओळ, पुन्हा पुन्हा, दर वेळी आधीपेक्षा मोठ्याने. तापमानाचा काटा वर सरकत गेला, मध्याच्याही पुढे. मी गाडी कडेला घेतली, बंद केली, एक श्वास घेतला आणि लगेच किल्ली फिरवली.

सुरू झाली.

बंद केली. पुन्हा फिरवली. सुरू झाली. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. दर वेळी एका दमात, आज्ञाधारक मुलीसारखी.

"आई, तू काय करतेस?"

"गाडीची परीक्षा घेतेय."

"पास झाली?"

"झाली."

"मग तू रडतेस का?"

"डोळ्यात धूळ गेली गं."

भोंगूने मागून मान लांब करून माझ्या मानेवर फुंकर घातली. डोळ्यापर्यंत ती पोचत नव्हती, म्हणून मानेवर. मी घरी आले, आणि भाजी आणायची राहिली हे दारात आल्यावर कळलं. नवऱ्याने काही विचारलं नाही. ओल्या केसांनी तो बाल्कनीत उभा होता, कठड्यावर कोपर टेकून, खाली कुठेतरी बघत. मला पाहून त्याने जागा करून दिली. मी उभी राहिले नाही. आता आठवतं, तो कठडा मलाही आवडतो. वाळलेले कपडे काढायला मी तिथे जाते आणि दोन टॉवेल काढायला लागावा त्याच्या कितीतरी पट वेळ लावते. आत कोणी हाक मारली की म्हणते, आले आले, ओले आहेत अजून.

पण त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं की माझ्या नवऱ्याने माझ्याशी खोटं बोलायला त्याच्या वडिलांची गाडी वापरली.

नंतरच्या आठवड्यात भोंगूच्या डोळ्यांची तपासणी होती. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. नवरा म्हणाला, "गाडी तूच घे, मी बसने जातो." मग दारात थांबून म्हणाला, "आणि ती अडली तर घाबरू नकोस. थोडा वेळ दिला की होते सुरू."

किती सराईत, मी मनात म्हटलं.

तपासणी लवकर आटोपली. डोळ्यांत औषध घातल्यामुळे भोंगूला सगळं धूसर दिसत होतं आणि ती प्रत्येक माणसाला "काका, तुम्ही ढग आहात" असं सांगत सुटली होती. येताना मी नेहमीचा रस्ता सोडून त्याच्या ऑफिसावरून जाणारा रस्ता धरला. का, ते मी स्वतःलाही सांगितलं नाही. ऑफिस मागे गेलं, दुकानं मागे गेली, रस्ता जरा मोकळा झाला. डावीकडे एका बंद छापखान्याची लांबच लांब भिंत लागली आणि तिच्या टोकाला ते झाड.

पिवळं. अख्खं पिवळं. खालची फरशी पिवळी, भिंतीचा माथा पिवळा.

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मी गाडी झाडाखाली घेतली आणि बंद केली.

"आई, आपलं फूल!" भोंगू ओरडली. धूसर दिसत असूनही पिवळं तिने ओळखलं.

मी आजूबाजूला पाहिलं. समोर दुमजली घरं. एका खिडकीत निळा पडदा. एका गॅलरीत बाईचा गाऊन वाळत होता. मी निळ्या पडद्याकडे बघत राहिले. तो हलला. मांजर होतं.

झाडाच्या पलीकडे सरबताची हातगाडी होती. मागे एक बाई, माझ्यापेक्षा मोठी, ठसठशीत, डोक्याला रुमाल बांधलेला, लिंबं कापत होती. तिने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा गाडीकडे. गाडी तिच्या ओळखीची होती. ते तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. ही? नाही, ही नसेल. की हीच?

"या की," ती म्हणाली. "पोरगी तहानलेली दिसते."

आम्ही बाकड्यावर बसलो. तिने भोंगूला सरबत दिलं, बर्फाचे दोन खडे जास्त घातले. मी ग्लास हातात धरला, प्यायले नाही.

"गाडी तुमची?" तिने विचारलं.

"घरची."

"हां. म्हणजे साहेबांची."

"साहेब येतात इथे?"

"येतात की. संध्याकाळचे." ती लिंबू पिळत होती. तिचा वेग माझ्या प्रश्नांनी जराही बदलला नाही. "तुम्ही वहिनी का?"

"हो. कोणाबरोबर येतात?"

आता तिने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत हसू आलं, आणि मला तिचा राग आला.

"कोणाबरोबर नाही हो. एकटेच. झाडाखाली लावतात, गाडी बंद करतात, सीट मागे टाकतात आणि डोळे मिटून पडतात. सुरुवातीला मला वाटलं, गेला की काय माणूस! जाऊन काच वाजवली. तर म्हणे, मावशी, काही नाही, पाच मिनिटं बसतो."

"फोनवर बोलत असतील."

"फोन असतो शेजारच्या सीटवर, पालथा." तिने लिंबाची साल बादलीत टाकली. "नुसते पडतात. म्हणतात, इथे शांत असतं, मावशी. सरबत सुद्धा घेत नाहीत कधी. माझ्या काय कामाचं गिऱ्हाईक!"

मला तिचं खरं वाटत होतं आणि खरं वाटून घ्यायचं नव्हतं. मी उठले. भोंगूला ओढतच गाडीत बसवलं, किल्ली फिरवली.

खर्र खर्र खर्र.

पुन्हा. खर्र खर्र खर्र. इंजिन फिरत होतं, दम लागत होता, पण पेटत नव्हतं. आत पेट्रोलचा वास आला. मी थांबले, पुन्हा फिरवली. नाही.

म्हातारी सुरू झाली नाही.

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. खरं होतं म्हणजे. गाडीचं दुखणं खरं होतं! त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्याने हसले. रविवारची माझी परीक्षाच चुकली होती. मी गाडी बंद करून लगेच सुरू करत होते. गॅस बंद केला तरी जाड बुडाच्या पातेल्यातलं दूध पुढे कसं वर येतं, उतू जातं, ते रोज ओट्यापाशी बघणारी मी! चालत्या गाडीला वारा लागत असतो. बंद करून उभी केली की सगळी उष्णता झाकणाखाली कोंडते, आणि मग पाच-दहा मिनिटांनी तिचा जीव घुसमटतो. लगेच फिरवा, चालेल. अर्ध्या-पाऊण तासाने फिरवा, चालेल. मधल्या वेळात नाही. चुटकीमामांकडे ती सकाळी जायची, रात्रभर थंड झालेली. मग तिथे काय दिसणार?

हसता हसता माझं हसू थांबलं.

मधल्या वेळात नाही. म्हणजे आधी ती कुठेतरी थांबायला हवी. ऑफिसात ती दिवसभर तळघरात गार पडलेली असते, तिथून निघताना तिला काही होत नाही. सरळ घरी आली तर घरीच येते, मग सुरू करायचा प्रश्नच नाही. हे दुखणं होण्यासाठी वाटेत कोणीतरी तिला मुद्दाम बंद करून, दहा मिनिटं उभी ठेवायला लागते. गाडीने त्याला अडवलं नव्हतं. आधी तो थांबला होता. मग ती अडली होती.

"होत नाही ना?" सरबतवाली काचेपाशी आली होती. "नेहमीचंच आहे तिचं. बॉनेट उघडा."

मी उघडलं. आतून भट्टीसारखा झोत आला. तिने बर्फाच्या पेटीत हात घालून थंड पाण्याचा तांब्या भरला. "फडकं आहे?"

भोंगूचा शाळेचा रुमाल होता, कोपऱ्यात बदक असलेला. तिने तो बुडवला, पिळला आणि इंजिनाच्या कडेने जाणाऱ्या एका नळीवर आणि तिच्या टोकाच्या डबीवर गुंडाळला. चर्र झालं.

"टॅक्सीवाले असंच करतात. पेट्रोलची नळी तापते, आत वाफ धरते म्हणे. मला काय कळतंय त्यातलं, पण होते सुरू." तिने रुमाल उलटा केला, पुन्हा थंड पाणी ओतलं. "साहेबांना मी पहिल्याच दिवशी म्हटलं, थांबा, ओलं फडकं टाकते, आत्ता होईल."

"मग?"

"मग काय! म्हणाले, राहू दे मावशी. घाई नाही. होईल तिची ती थंड." ती हसली, रुमालावरून हात फिरवत. "तेव्हापासून मी पण विचारत नाही. बसतात बिचारे. मारा आता किल्ली."

मी किल्ली मारली. एकदा खर्र झालं, दोनदा, आणि म्हातारी पेटली.

मावशीने बदकाचा रुमाल पिळून भोंगूच्या हातात दिला. सरबताचे पैसे घ्यायला ती तयार नव्हती, मी बळेच ठेवले. निघताना मी आरशात पाहिलं. ती पुन्हा लिंबं कापत होती, आणि निळ्या पडद्यामागचं मांजर खिडकीत येऊन बसलं होतं.

राहू दे मावशी. घाई नाही.

मी गाडी चालवत होते आणि ते शब्द त्याच्याच आवाजात ऐकू येत होते. त्याचा सुटीच्या दिवशीचा, जड, मऊ आवाज. दुसरी बाई असती तर मला काय करायचं ते ठाऊक होतं. ताईला फोन लावला असता, तिने कंबर कसली असती, भांडी आपटली असती दोघींनी मिळून. पण झाडाखाली डोळे मिटून पडलेल्या माणसाशी कोण भांडणार, आणि कशावरून? तो काही चोरत नव्हता. अर्धा तास चोरत होता. आमच्यातून. भोंगूच्या आणि माझ्या आवाजातून. आणि गाडी अडली की त्याचं काम आणखी सोपं होत होतं.

मला वाळलेले टॉवेल आठवले. आले आले, ओले आहेत अजून.

तरी राग येत होताच. निदान माझ्या टॉवेलांपाशी तो मला हाक मारू शकत होता.

आता चुटकीमामांना सांगायचं का? नळी जरा बाजूला सरकवली, वर पत्र्याचा तुकडा लावला की काम झालं, हे आता मलाही कळत होतं. चुटकीसरशी. मग म्हातारी गरम झाली तरी सुरू होईल. मग त्याला सांगायला काय उरेल? तो सरळ घरी येईल, की मला काही सांगेल, की नवीन काहीतरी शोधून काढेल? म्हातारी आजारी होती तोवर आम्हा दोघांना तिच्याआड उभं राहता येत होतं. ती बरी झाली तर समोरासमोर यावं लागेल.

भोंगू मागे गप्प होती. गाणं नाही, काका-ढग नाही. औषधाने झोप आली असेल, मी मनाला सांगितलं.

इमारतीखाली मी गाडी लावली, बंद केली. उतरायला हवं होतं. दूध आणायचं होतं, नळवाल्याला गाठायचं होतं. मी तशीच बसले. थंड होणारं इंजिन आत टक् टक् करत होतं. हात स्टिअरिंगवर, डोळे समोरच्या भिंतीवर, आणि कोणी काही मागत नव्हतं. किती बरं वाटत होतं, देवा. ते बरं वाटणं लक्षात आलं आणि माझा हात चटकन दाराकडे गेला. पण दार उघडलं नाही.

मागून ओल्या रुमालाचा गार कोपरा माझ्या मानेला लागला.

"आई," भोंगू अगदी हळू आवाजात म्हणाली. इतकं हळू बोलता येतं तिला, हे मला माहीतच नव्हतं. "मी आवाज नाही केला, तर बाबा सरळ घरी येईल?"